तीच सोनोग्राफी, प्रश्न वेगळा



आमच्या वस्तीतल्या एकीचे सातव्या महिन्यात बाळ हलेना. ‘सोनोग्राफीला गेले तर ताई रागावतील’ म्हणून ती दोन दिवस थांबली. बाळ वाचले, पण चूक आपल्या प्रचाराची होती. १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला तो लिंगनिदानाविरुद्ध, तपासणीविरुद्ध नव्हे.

पोटातल्या बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. तरीही ते श्वासाचा सराव करते आणि त्यानेच फुप्फुसे वाढतात. सोनोग्राफीत अर्ध्या तासात सलग तीस सेकंद अशी हालचाल दिसली, तर ती बाळ सुखरूप असल्याची एक खूण मानतात. हृदयाच्या ठोक्यागणिक फुप्फुस कसे हलते, यावरून ते कितपत तयार झाले हे जोखण्याचे प्रयोगही झाले आहेत. पूर्वी त्यासाठी सुईने गर्भजल काढत. तीच गर्भजलपरीक्षा मुली हेरून पाडायलाही वापरली गेली.

म्हणजे दोष यंत्राचा नाही, ते काय शोधायला लावले जाते त्याचा आहे. तेव्हा बायांना घाबरवू नका, विचारायला शिकवा: ‘काय पाहणार? कशासाठी?’ गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचे कारण फॉर्म ‘एफ’वर नोंदवावेच लागते. ते कारण तिला कळलेच पाहिजे.