शेंडेनक्षत्र ओळखावे कसे?



२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आला. त्याच दिवशी एक धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवरून गेला, आणि पुढे काही दिवस सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसत राहिला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ते कापसाच्या पहिल्या वेच्याचे दिवस. अशा वेळी आभाळात शेपटीचा तारा दिसला, की कोणीतरी म्हणतोच, "शेंडेनक्षत्र उगवलं, आता काही खरं नाही!"

पण पाहुणा दारात आला, तर आपण आधी काय विचारतो? कोण, कुठला, आणि पुन्हा कधी येणार? धूमकेतूलाही तेच विचारावे.

धूमकेतू म्हणजे धुळीने माखलेला बर्फाचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि शेपटी फुटते. दूर गेला की शेपटी नाहीशी होते. म्हणून शेपटीवरून त्याची ओळख पटत नाही. ती पटते वाटेवरून. निरनिराळ्या रात्री ताऱ्यांमध्ये त्याची जागा टिपतात. अशा तीन जागा हाती आल्या, की वाटेचा पहिला अंदाज मांडता येतो.

या वाटेवरून मुख्य प्रकार पडतात. सूर्याभोवतीचा फेरा २०० वर्षांच्या आत पुरा करणारे ते अल्पमुदतीचे. त्यांतही २० वर्षांच्या आत फिरणारे बहुतेक गुरू ग्रहाच्या ओढीत सापडलेले असतात. त्यांना गुरूच्या कुटुंबातले म्हणतात. हॅले मात्र सुमारे ७६ वर्षांनी येतो. तो १९१० मध्ये आला, १९८६ मध्ये आला, आणि २०६१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, सूर्याजवळ येईल. आज चौथीत बसलेली मुले तेव्हा चाळिशी ओलांडलेली असतील.

ज्यांचा फेरा २०० वर्षांहून मोठा, ते दीर्घमुदतीचे. दसऱ्याचा पाहुणा या वर्गातला. तिसरा प्रकार नागपूर-हैदराबाद रस्त्याने पांढरकवड्यावरून निघून जाणाऱ्या परमुलखातल्या वाटसरूसारखा. तो दुसऱ्या ताऱ्याच्या मुलखातून येतो आणि परत फिरत नाही. २०१९ चा बोरिसोव्ह आणि २०२५ चा ॲटलस हे असे वाटसरू.

शास्त्रज्ञ ही ओळख नावातच लिहून ठेवतात. ठराविक मुदतीने येणाऱ्याला 'पी', ज्याची अशी मुदत ठरलेली नाही त्याला 'सी', फुटून गेलेल्या किंवा हरवलेल्याला 'डी', आणि परक्या वाटसरूला 'आय'. पुढे शोधाचे वर्ष, पंधरवड्याचे अक्षर आणि क्रमांक. दसऱ्याच्या पाहुण्याचे नाव 'सी/२०२३ ए३'. म्हणजे २०२३ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या खात्यावरचा तिसरा. 'सी/१९४९ एन१' या धूमकेतूला तर आपल्या वेणू बाप्पूंचे नाव आहे. हैदराबादचा हा तरुण अमेरिकेत शिकत असताना, १९४९ च्या जुलैत, त्याला तो सापडला.

गुरुजी, हे मुलांना अंगणात दाखवा. दोन खुंट्या ठोका, त्यांभोवती दोरीचे सैल कडे टाका, आणि काडीने ते ताणून धरून मातीत रेघ ओढा. खुंट्या जवळ असल्या तर रेघ जवळजवळ गोल येईल; ती ग्रहाची वाट. तीच दोरी ठेवून खुंट्या दूर करा, म्हणजे लांबोळी वाट येईल, ती धूमकेतूची. एका खुंटीच्या जागी सूर्य समजा. मूल आपण होऊनच सांगेल, की हा एवढा वेळ दूर का असतो आणि थोडेच दिवस का दिसतो.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे. नुसत्या डोळ्यांना धूमकेतू क्वचित दिसतो. पण मोठ्या दुर्बिणींतून दरवर्षी कितीतरी दिसतात. प्रत्येकाने संकट आणायचे म्हटले, तर एकही साल सुखाचे जायला नको होते. पाऊस दगा देतो, बोंडअळी पडते, भाव कोसळतो, त्यांची कारणे जमिनीवर आणि ढगांत शोधावी लागतात. ती शेंडेनक्षत्रावर ढकलली, तर खरा उपाय करायचा राहून जातो.

तेव्हा पुढचा धूमकेतू आला, तर दार लावून बसू नका. मुलांना घेऊन गावाबाहेर अंधारात, मोकळ्या वावरात उभे राहा, आणि त्याचे नाव, मुदत विचारा.