दूर्वेचे फूल
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने 'माझा छंद' या विषयावर बोलायला सांगितले आहे. जमशेदपुरात बहुतेक जण मला ड्रॉइंग ऑफिसमधला माणूस म्हणून ओळखतात. पण रविवारी मी जलरंग घेऊन दोमुहानीला, सुवर्णरेखा-खरकईच्या संगमावर बसत असे. चित्र म्हणजे नदी, डोंगर, आभाळ, असा माझा पक्का समज! पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला. दोन वर्षे रंगांच्या पेटीला हात लावला नाही. घरात बसून कसले चित्र काढायचे?

गेल्या गणपतीत सौ.ने पेपर पसरून दूर्वांचा ढीग पुढ्यात टाकला. "कोवळ्या तेवढ्या घ्या, फुलं आलेल्या बाजूला काढा." बाजूला काढलेली एक काडी मी सहज ऑफिसच्या दिवसांतल्या भिंगाखाली धरली. टोकाला बोटांसारखी चार कणसे, आणि त्यांतून बाहेर आलेले जांभळे, पिसांसारखे तुरे! लहानपणापासून दूर्वा निवडतो आहे, हे कधी दिसले नव्हते.

लगेच काढायला बसलो आणि चार कागद फुकट घालवले. सौ. म्हणाली, "केरसुणी छान आलीय." गवत म्हणून मी सरसकट एकच हिरवा फासत होतो. लांबच्या डोंगराला ते खपून जाते. इथे दांडा तांबूस होता, पात्याच्या बुडाशी पांढऱ्या केसांची झालर होती. खरे सांगू? इतकी वर्षे काढलेला तो डोंगर तरी मी नीट पाहिला होता का, अशी शंका आली. जुनी चित्रे काढून पाहिली. नव्हता पाहिला.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५०३ साली नुसता गवताचा एक तुकडा, मुळे-मातीसकट, जलरंगात काढला. तो आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. आपल्याकडे उस्ताद मन्सूरने काश्मीरची शंभरावर फुले चितारली, असे बादशहा जहांगीरनेच लिहून ठेवले आहे. ही माणसे मोठी. मी आपला दूर्वांपुरता.

पाचवा कागद बरा उतरला. मंडपाच्या दाराशी लावला आहे. पोस्टकार्डाएवढाच आहे, म्हणून शेजारी भिंग दोरीने बांधले आहे; बालगोपाळांनी कृपया सोडून नेऊ नये. आणि भगिनींना एक विनंती. उद्या जुड्या बांधताना फुले आलेल्या दूर्वा टाकू नका, एका वाटीत पाणी घालून माझ्यासाठी ठेवा. सकाळी आरतीआधी येऊन घेऊन जाईन.