अडुळशाचा काढा आजीने मोरीत का ओतला?

आज बोलूया अडुळशाबद्दल. आमच्या गावच्या घराला त्याचंच कुंपण आहे. पानं इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही. लहानपणी खोकला झाला की आजी पानांचा रस मधातून चाटवायची आणि कफ सुटायचा.

गेल्या पावसाळ्यात वहिनीला खोकला झाला. मी मोठ्या उत्साहाने मोबाईलवर कृती बघून काढा उकळला. आजीने पातेलं उचललं आणि सरळ मोरीत ओतलं. "अरे, पोटुशी आहे ती! कळा येत नसल्या की सुईण हाच पाला द्यायची."

मी पडलो इंजिनियर, लगेच शोधायला बसलो. अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. ते श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण गर्भाशयाचं आकुंचनही घडवतं. याच व्हॅसिसिनवरून पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्यातून अँब्रॉक्झॉल. कफ सिरपच्या बाटलीवर ही नावं तुम्ही वाचली असतील. म्हणजे आजीचा उपाय खरा होता आणि तिची भीतीसुद्धा.

मी बघितलेल्या व्हिडिओत पानं किती, पाणी किती, सगळं होतं. हे कोणी घेऊ नये, तेवढंच नव्हतं.

वहिनीला आम्ही डॉक्टरकडे नेलं. आता पुतणी घरभर रांगतेय. तेव्हा पुढच्या वेळी असा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: हे कोणाला द्यायचं नाही? आणि घरात आजी असेल तर आधी तिलाच विचारा. भेटू पुढच्या भागात!