एमएस की बीक्यू?



वर्कशॉपच्या आवारात दोन प्लेटी शेजारीशेजारी पडलेल्या असतात. दोन्ही बारा मिलिमीटरच्या, दोन्हींवर सारखाच तांबूस गंज. एक साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, आयएस 2062 ची, शेडच्या खांबांना लागते ती. दुसरी आयएस 2002 ची. बाजारात तिला बीक्यू, म्हणजे बॉयलर क्वालिटी म्हणतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, बिलात दिसतो. मग बॉयलरसाठीही मालक म्हणतो, "एमएसच घ्या, जाडी दोन मिलिमीटर वाढवा, झालं!"

नाही झालं. तापल्यावर पोलादाची ताकद उतरते. किती उतरते, याचे आकडे बीक्यूच्या मानकात आहेत. साध्या एमएसच्या मानकात नाहीत. शिवाय जाडी वाढवली की वेल्डिंगही कटकटीचं होतं.

म्हणून आधी विचारायचं, दाबाचं भांडं तापणार किती? साखर कारखान्याचा वीज करणारा बॉयलर घ्या. वाफ 480 अंशांच्या वर जाते, पण ड्रम तीनशेच्या आसपासच राहतो, कारण आत पाणी उकळत असतं. ड्रमला कार्बन स्टील चालतं. सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या, गरम टोकाला नाही. कार्बन स्टील सव्वाचारशे अंशांच्या वर वर्षानुवर्षं राहिलं, तर त्यातल्या कार्बनचं ग्राफाइट होऊ लागतं. तिथे क्रोम-मॉली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद हवं.

आता उलटी गोष्ट. एलपीजीच्या टाकीखाली आग नसते, पण दाब एकदम सुटला तर आतला द्रव गॅस उकळून प्लेट गारठते. गार पोलाद काचेसारखं तडकू शकतं. तिथे एसए 516 सारखी बारीक कणांची प्लेट घेतात, आणि जाड असेल तर नॉर्मलाइझ केलेली, म्हणजे तापवून हवेत गार केलेली.

प्लेटसोबतच्या कागदपत्रांचा त्रास वाटतो खरा. पण 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरचा कायदा आला. आपल्याकडची तपासणीची परंपरा तिथून सुरू होते.

तेव्हा टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर, प्लेटवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. आणि कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर पंच करून घ्या. हे संध्याकाळच्या घाईत राहून जातं. नंबर नसलेला तुकडा कितीही चांगला असला तरी शेलमध्ये, म्हणजे भांड्याच्या अंगात, जात नाही. माझ्याकडे त्याचे जिन्याचे पायटे होतात.