सूर्यास्तापूर्वीचे ताट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात जामसर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘परदेशातील दिवाळी’ या विषयावर मी बोलावे, अशी विश्वस्तांनी आज्ञा केली. मी प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षिका. परदेश पाहिला तो एकदाच, २०१५ साली, इंग्लंडमधील लेस्टर या शहरी मुलीच्या घरी. त्या सहा महिन्यांतील एका जेवणाविषयी बोलणार आहे.

दिवाळीचे जेवण म्हटले की मला आधी जामसर आठवते. माझ्या बालपणी आमचे किराणा मालाचे दुकान होते. वाघबारशीपासून पाड्यांवर सणाची हालचाल सुरू होई. नवे भात घरात येऊ लागलेले असे. आमच्या दुकानात नेहमी येणारी एक वारली मावशी त्या दिवसांत उकडलेले करांदे आणि चवळीच्या शेंगा घेऊन येई. आम्ही कंदमूळ खात नाही, हे तिला कोणी समजावून सांगितल्याचे मला स्मरत नाही; पण करांदे तिच्या टोपलीत एका बाजूस असत आणि शेंगा वेगळ्या पानात बांधलेल्या. “करांदे माझ्या पोरांना, शेंगा तुमाला,” असे म्हणून ती पान आईच्या हाती देई. आई तिला करंज्या बांधून देई.

लेस्टरला जाताना मी चकलीची भाजणी, खसखस आणि अनारशांचे पीठ नेले होते. अनारसे हा मोठा मानी पदार्थ आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून ठेवायचे. तिकडच्या थंडीत ते पीठ मुरेना. शेवटी तो डबा मी घर तापविणाऱ्या यंत्राशेजारी ठेवला आणि लहान मुलाची विचारपूस करावी तशी सकाळ-संध्याकाळ त्याची करीत राहिले. तळण सुरू झाले की छतावरची धुराची घंटा किंचाळू लागे. मग नातू खुर्चीवर चढून तिला टॉवेलने वारा घाली. त्याला दिवाळीतील सर्वांत आवडलेला विधी तोच!

परंतु खरी अडचण कढईची नव्हती, सूर्याची होती. आपल्याकडे चौविहार पाळणाऱ्यास हिवाळ्यातही संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत अवधी असतो. लेस्टर मात्र बावन्न अंशांहूनही उत्तरेला. उन्हाळ्यात तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, तेव्हा व्रत अगदी सोपे. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि नोव्हेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला, बुधवारी आले. सुट्टी अर्थातच नाही. नातू शाळेतून साडेतीनला आला, मुलगी आणि जावई यांना सातपूर्वी येणे शक्य नव्हते.

तीस वर्षांचे माझे व्रत. आश्विन अमावास्या हा तर भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. कित्येक जण या दिवसांत दोन उपवास करतात. अशा दिवशी व्रत मोडण्याचा विचारही मला सोसेना. साडेतीन वाजता स्वयंपाकघरातील लहान टेबलावर मी एकटी जेवले. नातू पायांतले बूटही न काढता माझ्याकडे पाहत उभा राहिला. रात्री सर्वांची ताटे वाढली आणि मी रिकाम्या हातांनी शेजारी बसले. तो म्हणाला, “आजी जेवत नाही, तर मीही नाही.” मुलीने त्याला दटावले आणि मग मला म्हणाली, “आई, एका दिवसापुरते तरी...” वाक्य तिने पुरे केले नाही. ती आत गेली, नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझे काही चुकले होते असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. पण मुलीचे तरी काय चुकले होते?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एक वृद्ध गुजराती भगिनी नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला आल्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले, तेव्हा त्या कंपालाहून आलेल्या. लेस्टरच्या नगर परिषदेने तर युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे कळविले होते! तरीही लोक आले, स्थिरावले. पुढे १९८८ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूत देखणे जैन मंदिर उभे राहिले आणि बेलग्रेव्ह रोडवरील दिवाळीची रोषणाई पाहण्यास आता सारे शहर लोटते. या भगिनींची तिथली पहिली दिवाळी निर्वासितांच्या छावणीत गेली. उकडलेले बटाटे त्या खात नसत. त्यांच्या आईने पावाला लोणी फासले, वर साखर भुरभुरली आणि मुलांना म्हणाली, “घ्या, हा घुघरा.”

माझी हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, “बेन, तिथी आपली, तिला हात लावू नका. पण जेवण रविवारी दुपारी ठेवा ना! बेलग्रेव्ह रोडचे दिवेसुद्धा रविवारीच लागतात.”

खरे सांगते, मला ते रुचले नाही. सवडीने साजरे केलेले सण पाहून मी पूर्वी नाक मुरडलेले आहे. चंद्र काही सुट्टी पाहून अमावास्येला जात नाही! पण बुधवारचा तो नळाचा आवाज माझ्या कानांतून जात नव्हता. मी होकार दिला.

१५ नोव्हेंबरला मुलीने सहा घरांना बोलावले. काही मराठी, काही गुजराती आणि समोरच्या घरातील एक इंग्रज दांपत्य. मुलीने दारावर कागद लावला होता : कांदा, लसूण, बटाटा नाही. इंग्रज बाईंनी सफरचंदाचा गोड पदार्थ करून आणला आणि आत अंडे नाही हे दारातच तीनदा सांगितले. मला एकाएकी चवळीच्या शेंगांचे ते पान आठवले. अनारसे थोडे कडक झाले होते, तरी संपले. बाराच्या ठोक्याला नातवाने पहिले ताट माझ्यापुढे ठेवले आणि शेजारी स्वतःचे.

मी परतले त्याला आता बरीच वर्षे झाली. दिवाळीनंतरच्या रविवारी मुलगी अजूनही ताटे मांडते आणि मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. तिकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात, म्हणजे सूर्यास्ताला अर्धा तास उरतो. मी येथे ओटीवर ताट घेऊन बसते. नातवाचा आवाज आता फुटला आहे, पण तिकडून तो दरवर्षी ओरडतो, “आजी, लवकर! तुझा सूर्य चालला.”