गळ कुठे टाकायचा नाही



गेल्या वर्षी याच मंडपात मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, की बाबांना हिमालयात मासे धरायला नेणार. बडवाहला नर्मदेच्या काठी त्यांनीच मला गळ टाकायला शिकवलं. आता पंचाहत्तरी उलटली, गुडघे बोलतात. पण नदीचं नाव काढलं की चेहरा खुलतो.

जागा ठरली हिमाचलातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान. २०१४ पासून जागतिक वारसा, तरी मनालीला जाणारे फार थोडे तिकडे वळतात. मनालीच्या रस्त्यावर औटपाशी फाटा आहे. तिथून बंजार, मग तीर्थन नदीकाठचं गुशैणी. पुढे उद्यानात पायीच. माझा बेत असा, की आत तंबू ठोकायचा आणि ट्राउट धरायचा. बाबा गुशैणीला थांबतील. ते एवढंच म्हणाले, "जाऊन या तुम्ही."

सरकारी माणूस! रजेच्या अर्जाआधी नियम वाचले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून कुठलाही जीव काढून नेण्यास मनाई. म्हणजे आत गळ नाही. गळ टाकायचा तो उद्यानाबाहेर, खालच्या तीर्थनमध्ये, आणि तोही मत्स्य विभागाचा परवाना काढून. उद्यानात जायची परवानगी वेगळी. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीमुळे मासेमारी बंद. पावसाळ्यात पाणी गढूळ. उरले मार्च ते जून आणि ऑक्टोबर.

आधी हिरमोड झाला. मग नकाशा पुन्हा उघडला. परवानगी आहे तो काठ तर रस्त्यालगतच! तिथे बाबा खुर्ची टाकून बसू शकतात. ज्यांच्यासाठी सहल, त्यांनाच मी वगळलं होतं. नियमानं त्यांना परत आणलं.

तुमच्यापैकी कुणी निघालं तर आधी दोन्ही कागद करा. मासा परत सोडायचा असेल तर उलटा काटा नसलेला गळ वापरा, हात ओले करून मासा धरा, पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका.

यंदा बाप्पांना निरोप दिला, की ऑक्टोबरात आम्ही निघणार. एक दिवस मी उद्यानात जाईन, गळाशिवाय. बाकीचे दिवस बाबांजवळ.

काल त्यांनी विचारलं, "घडीची खुर्ची घेतलीस का रे?"

गणपती बाप्पा मोरया!