भंगारातला कोबाल्ट



रेडिएशन म्हटलं की आपल्याला हिरोशिमा किंवा चेर्नोबिल आठवतं. मी आज दिल्लीच्या मायापुरीबद्दल बोलणार आहे. तिथली दुर्घटना भंगाराच्या दुकानात घडली, आणि आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांची चूल भंगारावर पेटते.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा इरॅडिएटर वर्षानुवर्षं पडून होता. फेब्रुवारी २०१० मध्ये तो लिलावात भंगार म्हणून विकला गेला. त्यात कोबाल्ट-६० होतं. त्याचा किरणोत्सार निम्मा व्हायला सव्वापाच वर्षं लागतात. म्हणजे यंत्र बंद पडलं तरी आतला पदार्थ चालूच असतो. मायापुरीत कामगारांनी ते यंत्र फोडलं. एकाने छोटा तुकडा पाकिटात ठेवला. एक कामगार दगावला, आणखी सात जणांना इजा झाली.

गॅमा किरणांना रंग नाही, वास नाही, चटकाही लागत नाही. ते शरीरातून आरपार जाताना पेशींमधला डीएनए तोडतात. ज्या पेशी सतत नव्याने तयार होतात, त्यांना आधी फटका बसतो: हाडांतला मगज, आतड्यांचं अस्तर, त्वचा, केसांची मुळं. म्हणून आधी मळमळ आणि उलट्या होतात. मग काही दिवस बरं वाटतं, आणि इथेच माणूस फसतो. त्यानंतर पांढऱ्या पेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो, केस गळतात, कातडी भाजल्यासारखी होते. यातून वाचलेल्यांना पुढे कॅन्सरचा धोका वाढलेला राहतो.

पण भीतीलाही माप हवं. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतो. छातीच्या एका एक्स-रेमध्ये साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट. वर सांगितलेला आजार थोड्या वेळात १,००० मिलिसीव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त मात्रा मिळाली तर होतो. त्यामुळे डॉक्टरांनी गरजेचा सांगितलेला एक्स-रे घाबरून टाळू नका. मोबाइलच्या लहरींमध्ये डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांना गॅमा किरणांच्या रांगेत बसवू नका.

दुसरी घटना ब्राझीलमधल्या गोयानिया शहराची, १९८७ ची. बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं. आतली सीझियम-१३७ ची पूड अंधारात निळी चमकायची, म्हणून लोकांनी ती घरोघरी नेली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. हे थांबवलं कोणी? भंगारवाल्याच्या बायकोने. आजूबाजूचे सगळे एकाच वेळी आजारी पडताहेत, हे तिने पाहिलं. त्या वस्तूवर संशय घेतला आणि ती पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात पोहोचवली. ती स्वतः वाचली नाही. विज्ञाननिष्ठा म्हणजे हेच: नजर लागली असं न म्हणता कारण शोधायचं.

त्याच शहरात अंत्ययात्रेवर दगडही मारले गेले. कोविडच्या काळात आजारी माणसालाच गुन्हेगार ठरवणं आपणही पाहिलंय. म्हणून नीट समजून घ्या: एक्स-रे काढलेला माणूस किंवा गॅमा किरण लागलेला रुग्ण आजार पसरवत नाही. अंगावर किरणोत्सारी धूळ असेल, तरच ती दुसऱ्याला लागू शकते. तेव्हा कपडे काढून वेगळे ठेवायचे, साबणाने अंघोळ घालायची आणि उपचार करायचे. बहिष्कार हा उपचार नाही.

आता कामाचं. पिवळ्यावर काळ्या तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, किंवा दवाखान्यातून, प्रयोगशाळेतून आलेलं शिशाचं जड भांडं मिळालं, तर फोडू नका, उचलू नका. लांब जा, अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा साधारण चौपट कमी होतो. इतरांना दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा. पुढे हे प्रकरण अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जातं, ज्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

पण सगळी जबाबदारी मजुरावर टाकून चालणार नाही. मायापुरीच्या कामगारांकडे मोजणीचं यंत्र नव्हतं. विद्यापीठाकडे मात्र रसायनशास्त्राचा अख्खा विभाग होता. विकणाऱ्याने आत काय आहे ते लेखी द्यायला हवं, आणि खरेदी करणाऱ्याने ते मागायला हवं.

तुमच्यापैकी बरेच जण शिकलेले आहात. या आठवड्यात मोहल्ल्यातल्या भंगारवाल्या चाचांकडे जा, मोबाइलवर ते चिन्ह दाखवा, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या पोरांनाही दाखवा. पाच मिनिटं लागतील.